वहिनीनं जुळवलेला उजेड

माझ्या वहिनीला बाजारात तिच्या नावानं कुणी ओळखत नाही. सगळे तिला मॅचिंगवाली म्हणतात. बाजाराच्या वळणावर दोरे, बटणं, लेस आणि अस्तराचं कापड विकणारं एक बोळासारखं लांबट दुकान आहे. तिथं ती लग्नाच्या आधीपासून कामाला आहे. गिऱ्हाईक हातात कापडाचा तुकडा घेऊन येतं आणि "याला जुळेल असं द्या" एवढंच म्हणतं. पुढचं सगळं वहिनीचं. ती फळीवरून दोन-तीन गुंडाळ्या उतरवते, तुकडा अंगठ्याखाली धरते, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य येतं, "चला, दारात चला."

दुकानात दिवे ढीगभर आहेत, पण त्यांच्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. दारात, दिवसाच्या उजेडात कापड धरून पाहिल्याशिवाय ती कात्री लावत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही, मालक खाकरला तरी नाही. "इथं जुळेल आणि घरी जाऊन भांडेल," ती म्हणते. रंगांबद्दल ती असं बोलते, जणू त्यांना नांदायला धाडायचं आहे.

मी तिची नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चक्कर मारते. एरवी ती मला ताई म्हणते. ‘वन्सं’ म्हटलं की समजायचं, टोमणा येतोय. नणंदेनं भावजयीचं कौतुक करायला लेखणी उचलावी हे काहींना उलटं वाटेल. पण जे समोर घडलं ते सांगायला मला कसला संकोच.

दादा, म्हणजे माझा भाऊ, बस चालवतो. तो आणि वहिनी बरीच वर्षं तळमजल्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहिले. तिथं भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि तोही असा मिणमिणता, की तांदळातला खडा हाताला लागायचा, डोळ्याला नाही. त्यामुळे नवा फ्लॅट घेतला तेव्हा पडदे, सोफा, कपाट, सगळं वहिनीनं दादावर सोपवलं. दिवे मात्र ती स्वतः आणायला निघाली. सोबत मी होते.

बल्बवाल्यानं विचारलं, "वॉर्म देऊ की कूल?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बल्बवाल्याकडे पाहिलं.

"म्हणजे गरम की थंड?" तिनं विचारलं.

"तसंच समजा."

"मग गरम कशाला? स्वयंपाकघर आधीच तापतं. थंडच द्या. सगळ्या खोल्यांना थंड."

"खोक्यावर आकडा असतो बघा. हा सत्तावीसशे, हा चार हजार, हा पासष्टशे."

"पासष्टशे द्या. घेतोच आहोत तर चांगला मोठा घेऊ."

बल्बवाल्यानं अडवलं नाही. आमच्या आधीच्या माणसानंही तेच मागितलं होतं. आणि त्यात चूक तरी काय दिसणार? आपण डोकं थंड ठेव म्हणतो, डोळ्यांना थंडावा म्हणतो, जीव थंड झाला म्हणतो. ‘थंड’ या शब्दात आपल्याला वाईट काही ऐकूच येत नाही.

पहिल्या संध्याकाळी सगळे दिवे लावले तेव्हा भिंती निळसर चमकल्या. फरशीवरचा केससुद्धा लपू शकत नव्हता. वहिनी कमरेवर हात ठेवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होती. दादा कामावरून आला, चपला काढता काढता म्हणाला, "ऑपरेशन कुणाचं आहे?"

"तुमच्या जिभेचं," वहिनी म्हणाली. "बसा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा राहायला आले. बाबा घड्याळजी. जन्म सगळा एका टेबलापाशी गेला, डोळ्याला भिंग लावून. आई गेल्यापासून ते आपल्या जुन्या भाड्याच्या खोलीत एकटेच होते. एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि घड्याळ उघडून बसले. पातेलं काळं ठिक्कर पडलं, खोलीत धूर झाला, शेजाऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा त्यांना कळलं. दादा दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन आला. बाबा आले, पण अट घालून आले. "राहून बघतो. जमलं तर खोलीची किल्ली देऊन टाकू. नाही जमलं तर मला अडवायचं नाही." खोलीचा मालक जुना ओळखीचा. तो म्हणाला, महिनाअखेरच्या रविवारी येतो, तेव्हा सांगा.

बाबांबरोबर त्यांचं टेबल आलं, बारीक खणांची पेटी आली आणि लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आलं. वहिनीनं त्यांना खिडकीची खोली दिली. टेबलावर नवा पांढरा बल्ब लावून दिला. बाबा खूश. "स्क्रूची आटी दिसते गं," ते म्हणाले. वहिनीनं माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की मी मान डोलावली.

पण बाबांची झोप उडाली. जेवण झालं की आधी त्यांचे डोळे मिटायला लागत. इथं ते ताठ बसून राहत, आणि सकाळी उठले की चेहरा उतरलेला. चिडचिड सुरू झाली. चहा पातळ, उशी उंच, पंख्याला आवाज. वहिनीनं उशी बदलली, गादी बदलली, दुपारनंतरचा चहा बंद केला. बाबा म्हणाले, "चहा बंद केलास, आता बोलणंही बंद कर." डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय आहे, जोडीदार गेलीय, जागा नवी आहे. सकाळी उन्हात फिरा, गोळीचं नंतर बघू. बाबा फिरू लागले. थोडं बरं वाटलं, पण थोडंच.

एके संध्याकाळी हॉलमध्ये बसले असताना ते छताकडे बघून पुटपुटले, "हे घर दुपार सोडतच नाही." आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनीच सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून.

मग एक दिवस त्यांनी शांतपणे सांगितलं, "महिनाअखेरीला मी परत जातो. तुमचं काही चुकलं नाही. मला इथं झोप नाही."

वहिनी स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग. ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं तिला निमित्त होतं.

"समोरच्या काकू जिन्यात म्हणत होत्या, सुनेशी पटत नसेल," ती म्हणाली.

"त्यांना काय कळतंय."

"त्यांचं सोडा हो ताई. तिथं परत दूध उतू गेलं तर बघायला कोण आहे? आणि ते म्हणतात, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं. सुधारता तरी आलं असतं."

हे तिचं वाक्य मी विसरलेले नाही. रडून मोकळं होणारी बाई ती नव्हे. तिला दुरुस्त करता येईल अशी चूक हवी होती.

ती सापडली दुकानातच. मी माझ्या स्वेटरला बटणं घ्यायला गेले होते. दिवस कलायला आला होता. एक बाई फिकट सायीच्या रंगाचा कोट घेऊन आली, आतलं अस्तर हवं होतं. वहिनीनं गुंडाळ्या काढल्या, कोट उचलला आणि दारात गेली. समोरच्या इमारतींच्या मधून ऊन तिरपं येत होतं. तिनं कोटावर एक अस्तर धरलं, जुळलं. दुसरं धरलं, तेही जुळलं. तिसरंही जुळलं. तिनं सगळी गुंडाळून ठेवली.

"उद्या सकाळी या," ती बाईंना म्हणाली.

"का? छान दिसतंय की."

"म्हणूनच. आत्ताचा उजेड गोडबोल्या आहे. सगळ्यांना सगळं जुळवून देतो. उद्या तुम्ही माझ्या नावानं खडे फोडाल."

बाई कुरकुरत गेल्या. मालक खाकरला. पण वहिनी दारातच उभी राहिली. एक पाय आत, एक पाय बाहेर. हातातला अस्तराचा तुकडा तिनं बाहेर धरला, तो लोण्यासारखा पिवळट दिसला. आत धरला, तर कागदासारखा पांढरा. परत बाहेर, परत आत.

"मॅचिंगवाली, कापड वारा खायला आलंय का?" मालकानं विचारलं.

तिनं ऐकलंच नाही. मला म्हणाली, "ताई, बाबा काय म्हणाले होते? घर दुपार सोडत नाही, असंच ना?"

"असंच."

"बाहेर बघा. सगळं जग पिवळं झालंय, हळूहळू मावळतंय. आणि मी घरी जाऊन बटण दाबणार, की परत भर दुपारचे बारा." ती थांबली. मग स्वतःशीच हसली. "त्यांच्या झोपेचे बारा मीच वाजवलेत."

तिथून आम्ही थेट बल्बवाल्याकडे. जाताना तिनं पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ पिशवीत टाकलं. बल्बवाल्याकडे एका फळीवर ओळीनं होल्डर बसवलेले होते. वहिनीनं सांगितलं, "तिन्ही आकड्यांचे लावा." आणि प्रत्येक दिव्याखाली ते रीळ धरून पाहिलं. सत्तावीसशेखाली दोरा लोण्यासारखा. चार हजारखाली जसा होता तसा. पासष्टशेखाली निळीत बुडवून काढल्यासारखा.

"गरम आणि थंड म्हणजे तापण्याचं नाही, होय ना?" तिनं विचारलं.

"नाही हो. हा उजेडाच्या रंगाचा आकडा. लहान आकडा पिवळा, मोठा आकडा पांढरा, आणखी मोठा निळसर. उजेड किती पडणार ते वेगळं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या ठासून म्हणालात गरम नको, मला वाटलं असेल उन्हाळ्याचा राग." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "खरं सांगू? माझ्या घरीही पासष्टशेच आहेत. बायकोला थंड हवे होते."

आम्ही तिघंही हसलो. वहिनी सगळ्यात जास्त.

त्या दिवशी तिनं घरातला एकूण एक बल्ब बदलला, सगळे पिवळे. दादा म्हणाला, "आता हॉटेलात आल्यासारखं वाटतंय. मेनू आणा." आणि सकाळी बाबा टेबलाशी बसले, भिंग लावलं, एक स्क्रू चिमट्यात धरला आणि तो टपकन खाली पडला. फरशीवर शोधला तरी सापडेना. आभाळ भरून आलं होतं, खिडकीतून उजेड नव्हता.

"सूनबाई," बाबांनी हाक मारली, "झोपवायचं म्हणून आंधळा करतेस का?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, एवढं करून वर ऐकून घ्या. वहिनी कोपरं टेकून टेबलाखाली शिरली, स्क्रू शोधून दिला, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बघितलंत वन्सं, तुमच्या भावजयीची अक्कल? एका रंगाचा दोरा कपाटातल्या सगळ्या कपड्यांना लावून आले. दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं."

मग तिनं ते केलं जे तिला येतं. रीळ घेतलं आणि खोली खोली जुळवत गेली. प्रत्येक जागी थांबून एकच विचारायची, इथं काय करतो आपण, आणि कधी? बाबांच्या टेबलावर पांढरा परत आला, कारण तिथं दिवसा काम चालतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार हजारवाला, कारण तिथं भाजीचं पान किडकं आहे की नाही ते कळायला हवं. हॉलमध्ये पिवळा. दादानं पेपरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून गळा काढला, तेव्हा त्याच्या खुर्चीमागे एक वेगळा दिवा आला, ज्याचा उजेड पेपरावरच पडेल, दुसऱ्याच्या डोळ्यात नाही. बाबांच्या पलंगाशी मंद, पिवळा, कापडी टोपीचा दिवा, उशीपेक्षा खाली. आणि मोरीकडे जाणाऱ्या बोळात, पायांच्या उंचीवर, अगदी छोटासा एक, म्हणजे रात्री उठायची वेळ आली तर मोठा दिवा लावून झोप मोडायला नको आणि ठेचही लागायला नको.

बल्बवाला म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्याकडे कामालाच या."

"मी कुठं येऊ? तुमच्या दुकानात भर दिवसाही दिवेच लागलेले. दिवसाचा उजेड दिसतच नाही. गिऱ्हाइकाला खरं काय दाखवणार?"

एक गोष्ट मात्र राहिली होती. दिवेलागणीला टेबलावरचा पांढरा दिवा बंद करायचा. बाबांना ते पटेना. "एवढं एक चाक बसवतो," असं म्हणत ते आणखी तीन चाकं काढून ठेवत.

"बाबा, दुकान बंद," वहिनी दारातून सांगायची.

"मालक कोण आहे या दुकानाचा?"

"सूर्य. तो गेला की आपणही शटर ओढायचं."

बाबा भिंगातून तिच्याकडे रोखून बघायचे, एक डोळा केवढा तरी मोठा. मग हात पुसायचे. कुरकुर रोजची, पण दिवा बंद व्हायचा. त्यानंतर हॉलमधला पिवळा लागायचा. संध्याकाळचा पहिला दिवा लागला की हात जोडायची माझी लहानपणापासूनची सवय आहे. त्या दिवसांत हात जोडताना मला वाटायचं, देवानं सूर्याला बटण ठेवलं नाही. त्याला सावकाश मावळायला लावलं, की माणसानं हातातलं काम ठेवावं, पाय पसरावेत, घरच्यांशी चार शब्द बोलावेत आणि मग अंधार यावा. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर होतं. ते समजून घराला बसवून दिलं ते माझ्या वहिनीनं.

पहिल्या दिवशीच जादू झाली असं मी लिहिणार नाही. बाबा म्हणायचे, "थोडी लागली," "मधेच जाग आली," "बरी होती." आईची आठवण काही बल्बनं जात नाही. सकाळचं फिरणंही चालू होतं, त्याचाही वाटा असेल. पण हळूहळू एक फरक दिसायला लागला. जेवण झाल्यावर ते ताठ बसायचे ते आता खुर्चीत मागे रेलायला लागले. गोष्टी निघायला लागल्या. कुठल्या गिऱ्हाइकानं चालू घड्याळ दुरुस्तीला आणलं होतं, कारण ते सासूच्या घड्याळाशी जुळत नव्हतं, वगैरे. बोलता बोलता जांभई यायची. आणि मला आणखी एक दिसलं. त्या निळसर पांढऱ्या उजेडात बाबांचा चेहरा इतका फिका, आजारी दिसायचा, की त्यांच्याकडे बघून आम्हीच धास्तावत होतो. आता त्या खुर्चीत माझे नेहमीचे बाबा बसलेले होते.

तरी त्यांनी किल्लीचं नाव काढलं नाही. आणि वहिनीनंही विचारलं नाही. "मी माझं काम केलं," ती म्हणाली. "शिवून झाल्यावर अंगाला बसतं की नाही, ते ज्याचं त्यालाच कळतं."

महिनाअखेरचा रविवार आला. खोलीचा मालक घरचा चहा टाळून आमच्याकडेच घ्यायचा म्हणून आला. मीही मुद्दाम लवकर गेले होते. दादाची सुट्टी. मालक सोफ्यावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग बाबांची चौकशी करत म्हणाला, "तात्या कुठे आहेत? फिरायला गेले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबा घरात सगळ्यांच्या आधी उठायचे. इथं आल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वहिनीनं हातातली कपबशी खाली ठेवली. ती दाराशी गेली, हळूच फटीतून पाहिलं, आणि तशीच आमच्याकडे वळली. तिनं तोंडावर बोट ठेवलं होतं.

"घोरताहेत," ती कुजबुजली.

"उठव ना," दादा म्हणाला.

"हात लावून तर बघा," ती म्हणाली. बस चालवणारा माझा भाऊ, पण परत खाली बसला.

मालकाचा दुसरा चहा झाला. मग आतून पलंगाचा आवाज आला. पण ते बाहेर येईनात. मी डोकावले तर बाबा भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला कान लावून उभे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, परत घड्याळाला कान लावला. मग बाहेर आले.

"हे पुढे गेलंय," ते म्हणाले.

"नाही बाबा," वहिनी म्हणाली. "बरोबर आहे."

"माझ्या घड्याळाचं मला सांगतेस? एवढा वेळ मी झोपेन का?"

दादानं मनगट पुढे केलं. बाबांनी त्याचं घड्याळ पाहिलं. मालकानं आपलं पाहिलं. सगळी घड्याळं एकच सांगत होती. बाबा खुर्चीवर बसले. हनुवटीवरून हात फिरवला. एवढी वर्षं लोकांची चुकलेली घड्याळं बरोबर करणारा माणूस, आपलं बरोबर असलेलं घड्याळ चूक ठरवून बसला होता, आणि त्यांना स्वतःलाच त्याचं हसू आलं.

मालक म्हणाला, "मग तात्या, खोलीचं काय करू?"

बाबा उठून आत गेले. खणांच्या पेटीतला एक खण ओढल्याचा आवाज आला. किल्ली आणून त्यांनी मालकाच्या तळहातावर ठेवली.

"जमलं म्हणायचं इथं," मालक म्हणाला. "तुम्ही तर म्हणत होता झोप नाही. डॉक्टर बदलला का?"

"नाही," बाबा म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, तिच्याकडे त्यांनी मान वळवली. "आमच्या सुनेनं मॅचिंग करून दिलं."

वहिनी झटकन आत वळली. ओट्यावर भांडी वाजायला लागली, जरुरीपेक्षा जास्तच.